समुद्र, दहा हप्त्यांत

बेलार्मिनो किंतांव यांच्या क्रेडिट कार्डाचं बिल चार पानांचं येत असे, आणि त्या चार पानांत बेलार्मिनोंनी स्वतः घेतलेली एकही वस्तू नसे.

आमच्या आंब्यांच्या गल्लीत यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. सबंध गल्लीत बँकेने कार्ड दिलं होतं ते एकट्या बेलार्मिनोंना. पस्तीस वर्षं पोस्टमास्तर, पेन्शन ठरल्या तारखेला, आणि चेहऱ्यावर पैसे बुडवण्याचं एकही लक्षण नाही. बाकीच्यांना बँक हसून चहापाणी विचारी आणि वाटेला लावी. पण कार्डावाचून आमच्याकडे चालायचं कसं? पेद्रा मिउदा गावात दुकानात शिरल्यावर वस्तूची किंमत कोणी विचारतच नाही. 'किती वेळा?' असं विचारतात. फ्रीज दहा वेळा, टायर सहा वेळा, तेही बिनव्याजी. एका गृहस्थांनी लग्नात घालायची विजार चार वेळा घेतली. दुसऱ्या वेळेलाच ती बसताना फाटली आणि उरलेल्या दोन वेळा त्यांनी उभ्यानेच भरल्या.

तेव्हा वाटीभर साखर मागावी तसे लोक किंतांवांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन कार्ड मागत. आमच्याकडे मानाने बाईला 'दोना' म्हणतात आणि पुरुषाला 'सेऊ'. बेलार्मिनोंची बायको दोना एर्मेलिंदा बिस्किटांच्या डब्यातून ते काढून देत आणि म्हणत, "जेवायच्या आधी परत आण हं, नाहीतर डबा उघडाच राहतो."

दर महिन्याच्या दहा तारखेला बेलार्मिनो वही आणि तांबडी पेन्सिल घेऊन गल्लीतून फिरत आणि ज्याचा त्याचा हप्ता गोळा करत. कोणी "उद्या देतो" म्हणालं, की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "बँक 'उद्या' ओळखत नाही." हे वाक्य गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होतं.

आता एवढा उपद्व्याप हा माणूस कशासाठी करी, असं कोणी विचारेल. पॉइंटांसाठी. कार्डावर खरेदी झाली की बँक पॉइंट देते, आणि साठ हजार पॉइंट झाले की विमानाचं तिकीट देते. आमच्या प्रांताला डोंगर आहेत, लोखंड आहे, चीज आहे, समुद्र नाही. लग्नाच्या दिवशी बेलार्मिनोंनी एर्मेलिंदाला सांगितलं होतं, "तुला समुद्र दाखवीन." त्याला अडतीस वर्षं झाली होती. त्यांतली गेली अकरा पॉइंट जमवण्यात गेली. अडचण एकच होती. पॉइंट दोन वर्षांनी मरतात. गल्लीने नवे मिळवून द्यावेत, तोवर जुने गळून पडावेत. समुद्र जवळ येई आणि ओहोटी लागल्यासारखा मागे जाई.

या खेपेला मात्र अठ्ठावन्न हजार चारशे जमले होते. अवघे सोळाशे हवे होते.

अशा आनंदात गुरुवारी सकाळी बेलार्मिनो पट्टी आणि तांबडी पेन्सिल घेऊन बिलासमोर बसले. केशकर्तनवाल्या जुरेमाची केस वाळवायची खुर्ची, सातवा हप्ता. शेजारी नाव. खूण. फादर ओनोफ्रेंचा चर्चचा भोंगा, बारातला तिसरा. खूण. तिसऱ्या पानावर पट्टी थांबली.

"एर्मेलिंदा, हे बघ काय आहे."

"माझे हात पिठाचे आहेत. वाच."

"मारे मान्सा अतिथिगृह, ग्वारापारी. पहिला हप्ता, दहापैकी. एकशे एकोणनव्वद रेआल."

स्वयंपाकघरात चीजपावाचे गोळे वळायचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"असेल कोणाचं तरी," दोना एर्मेलिंदा म्हणाल्या.

"असेल काय? ग्वारापारीला समुद्र आहे! आपल्या गल्लीतलं कोणीतरी माझ्या कार्डावर समुद्राला चाललंय. माझ्या आधी!"

"जाऊ दे ना. एकशे एकोणनव्वदच तर आहेत."

अंड्यांच्या भावात दहा पैशांसाठी अर्धा तास उभी राहणारी बाई 'एकशे एकोणनव्वदच' म्हणते, यावर दुसरा कोणी थबकला असता. पण बेलार्मिनोंच्या डोक्यात एव्हाना लाटा उसळत होत्या. बिलाची चार पानं दुमडून ते बाहेर पडले.

जुरेमा एका बाईच्या डोक्याला कागदी पुंगळ्या लावत होती.

"जुरेमा, एक विचारू? तू समुद्राला चालली आहेस का?"

"मी? सेऊ बेलार्मिनो, मी शेवटची पोहले ती गच्चीवरची टाकी फुटली तेव्हा. का हो?"

त्यांनी पान पुढे केलं. जुरेमाने ओला हात पुसून ते घेतलं आणि जी ओळ दाखवली होती तेवढी सोडून बाकी सगळं वाचलं.

"केस उगवायचं तेल, सहा बाटल्या… हे कोणाचं हो?"

"ते राहू दे, समुद्राचं बघ."

"हं, पुढं लिहिलंय की, वांतुइलचं! खाटकाचं! तरीच बारा महिने टोपी! अहो, माझं दुकान त्याच्या समोर. मला येऊन विचारलं असतं तर मी फुकट सांगितलं असतं, की बाबा, आता काही होत नाही. हा परगावाहून बाटल्या मागवतो!" पुंगळ्यांवाली बाई आरशातून कान देत होती. दुपारपर्यंत वांतुइलचं टक्कल गल्लीभर झालं.

ते त्याच्या स्वतःच्या कानावर आलं तेव्हा बेलार्मिनो त्याच्याच दुकानात उभे होते.

"समुद्राचं सोडा, सेऊ बेलार्मिनो," टोपी कानांपर्यंत ओढून वांतुइल म्हणाला. "ते पान दाखवा इकडं. हां! हे काय आहे? गोठवलेले सॉसेज, पाच किलो, सुपरमार्केट? जुरेमाच्या नावापुढं खूण आहे ना ही? समोर मी जिवंत खाटीक बसलोय, आणि ही बाई बर्फातलं मटण खाते? तेही हप्त्यांनी?"

सुरा हातात तसाच ठेवून तो रस्ता ओलांडून गेला. पुढची दहा मिनिटं 'तेल' आणि 'सॉसेज' हे दोनच शब्द गल्लीत ऐकू येत होते. भांडण मिटवायला फादर ओनोफ्रे आले, त्यांनी दोन्ही हात वर करून शांततेचं आवाहन केलं, आणि तेवढ्यात जुरेमाच्या हातातल्या दुसऱ्या पानावर त्यांचंच नाव निघालं.

"फुटबॉलची वाहिनी, वर्षभर, बारा हप्ते," जुरेमाने मोठ्याने वाचलं. "म्हणजे रविवारची प्रार्थना गेले दोन महिने वीस मिनिटं आधी संपते ती यासाठी का, फादर?"

फादरांनी हात खाली घेतले. "बेलार्मिनो," ते हळूच म्हणाले, "मी पापं ऐकतो, पण अशी चव्हाट्यावर वाचून दाखवत नाही."

"मला फक्त समुद्र कोणाचा ते सांगा!"

"आमचा कोणाचाच नाही!" तिघं पहिल्यांदाच एका सुरात बोलले. मग जुरेमा म्हणाली, "हे बघा, कार्ड उसनं घेतलं म्हणजे आम्ही आमची गुपितं काही गहाण नाही टाकली. एवढा संशय असेल तर बँकेला फोन लावा. पण आमच्यासमोर लावायचा."

बेलार्मिनोंनी फोन लावला. अकरा मिनिटं गाणं वाजलं आणि मग मोठ्या शहरातल्या लाघवी आवाजाची एक मुलगी आली.

"सेऊ बेलार्मिनो, ही खरेदी आपण ओळखत नाही, बरोबर? आपलं कार्ड दुसरं कोणी वापरतं का?"

बेलार्मिनोंनी समोर बघितलं. समोर ते वापरणारे सगळे रांगेने उभे होते. कार्ड दुसऱ्याच्या हाती दिलं तर ते रद्द होतं, असं करारात लिहिलेलं होतं आणि त्याखाली त्यांचीच सही होती. पस्तीस वर्षं ज्या माणसाने कोणाच्या पोस्टकार्डावरची एक ओळ वाचली नाही, त्याने आता खोटं बोलायला तोंड उघडलं.

"छे. मी एकटाच वापरतो."

"मग खात्रीसाठी बाकीच्या खरेद्या विचारते हं. बायकांचे केस वाळवायची खुर्ची आपण घेतलीत?"

"घेतली."

"चर्चसाठी भोंगा?"

"हो."

"केस उगवायचं तेल, सहा बाटल्या?"

"…हो."

"एक विचारू का, सेऊ बेलार्मिनो? माझ्या वडिलांसाठी विचारते. गुण येतो का?"

बेलार्मिनोंनी वांतुइलच्या टोपीकडे पाहिलं. वांतुइलने मान हलवली. "नाही," ते म्हणाले.

"अरेरे. आणि ग्वारापारीचं अतिथिगृह?"

"नाही! ते माझं नाही! मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही, मुली, आणि ही गोष्ट मी शपथेवर सांगतो!"

"झालं. तो व्यवहार मी रद्द केला आहे, आणि सुरक्षेसाठी कार्डही बंद केलं आहे. नवं कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत घरी येईल. ते घ्यायला स्वतः आपणच हवे, ओळखपत्रासह. दोनदा आपण भेटला नाहीत तर कार्ड परत जातं आणि पॉइंटांसह खातं बंद होतं. आपला दिवस चांगला जावो."

बेलार्मिनो विजयी मुद्रेने घरी आले. चीजपाव भट्टीतून निघाले होते, कॉफी गाळून झाली होती.

"लावला सोक्षमोक्ष! अतिथिगृह रद्द! चोराला आता खोलीच मिळणार नाही!"

दोना एर्मेलिंदांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "बेलार्मिनो, ती खोली आपली होती."

"कोणाची?"

"तुझी नि माझी. सोमवारची बस. पुढच्या नाही, येत्या सोमवारी. डब्यातलं कार्ड काढून मी त्या बाईला फोनवर नंबर वाचून दाखवला. लग्नाच्या वाढदिवसाला तुला सांगणार होते."

बेलार्मिनो बसले. बराच वेळ ते चीजपावाच्या भोकातून आत बघत होते.

"पण पॉइंट होतच आले होते," ते म्हणाले.

"अकरा वर्षं होतच आलेत. माझा गुडघा काही दोन वर्षांनी नवा होत नाही. त्या वाळूत पाय पुरून बसलं की दुखणं कमी होतं म्हणतात. मला कधी बसायचंय? लाकडासारखे पाय झाल्यावर?"

दोना एर्मेलिंदांनी स्वतःच अतिथिगृहाला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, पैसे परत गेलेत, पण खोली अजून आहे. रोख देणार असाल तर पंधरा टक्के कमी घेईन. दोना एर्मेलिंदांनी चीज विकून साठवलेले पैसे कणकेच्या पिंपातून काढले. म्हणजे खोली मिळाली, ती आधीपेक्षा स्वस्त मिळाली, आणि तिच्यापायी कोणाकडे वही घेऊन जायचं कारण उरलं नाही. हे गणित बेलार्मिनोंना दिसलं होतं, पण ते दुसऱ्याच गणितात होते.

"सोमवार ते शुक्रवार," ते बोटं मोजत म्हणाले. "आणि कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत. म्हणजे माणूस नेमका तेव्हाच येणार."

"येऊ दे. जाऊ दे."

"आणि दारावर शिक्का? 'घरी कोणी नाही'? एर्मेलिंदा, मी पस्तीस वर्षं तो शिक्का मारलाय. कसली कसली माणसं ती! पत्र यायचं असतं आणि हे घरी नसतात! माझ्या दारावर तो शिक्का?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "शिवाय अठ्ठावन्न हजार चारशे आहेत गं. कार्ड परत गेलं तर सगळे जातील. मग समुद्राला जायचं कसं?"

दोना एर्मेलिंदांनी कणकेच्या पिंपाचं झाकण लावलं. समुद्राला जायची सोय हातची जाऊ नये म्हणून हा माणूस समुद्राला येत नव्हता. अडतीस वर्षांत त्यांनी बरंच ऐकलं होतं; हे नवं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. सोमवारी त्या जुरेमाला घेऊन गेल्या. जुरेमाने सॉसेजही बरोबर घेतले.

बेलार्मिनो इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात ओळखपत्र ठेवून ओट्यावर बसले. सोमवार गेला, मंगळवार गेला. जेवणही ते दारात बसूनच करत. वांतुइल समोरून ओरडे, "सेऊ बेलार्मिनो, आला का बाबा?" आणि ते मान हलवत. आता त्याने टोपी सोडली होती. सगळ्यांना कळल्यावर उगाच डोकं कशाला उकडायचं!

बुधवारी सकाळी फोन वाजला.

"बेलार्मिनो! ऐक! मी पाण्यात उभी आहे! गुडघ्यापर्यंत!"

"कसा आहे?"

"काय सांगू? संपतच नाही! आपल्याकडे कुठंही बघ, शेवटाला डोंगर असतो. इथं काहीच नाही. थांब, तूच ऐक."

दोना एर्मेलिंदांनी फोन पाण्याकडे धरला. आधी वारा आला, मग जुरेमाची किंकाळी, आणि मग लांबून काहीतरी मोठं, संथ, पुन्हा पुन्हा येऊन पसरणारं. टपालाच्या पोत्यातून हजारो पत्रं टेबलावर ओतावीत तसा तो आवाज होता, फक्त पोतं रिकामं होत नव्हतं. बेलार्मिनोंनी डोळे मिटले.

"किंतांव! बेलार्मिनो किंतांव! सहीचं टपाल!"

फाटकाशी मोटारसायकल उभी होती. गडी घाईत होता. बेलार्मिनोंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा पाकिटाकडे.

"एर्मेलिंदा, जरा ठेव, कार्ड आलंय," ते म्हणाले, आणि त्यांनी समुद्र बंद केला.

सही करून त्यांनी तिथेच पाकीट उघडलं. आत चकचकीत कार्ड होतं आणि एक कागद होता: जुने पॉइंट नव्या कार्डावर जमा झाले आहेत, दरम्यान दोन वर्षं पूर्ण झालेले वगळता. शिल्लक, सत्तेचाळीस हजार एकशे वीस.

शुक्रवारी दोना एर्मेलिंदा परतल्या त्या भाजलेल्या रताळ्यासारख्या दिसत होत्या आणि न लंगडता चालत होत्या. त्यांनी बाटलीभर समुद्र आणला होता. जुरेमाच्या दुकानात तो चमच्या-चमच्याने वाटला गेला.

"खारट आहे की!" वांतुइल म्हणाला. "मला वाटायचं, उगीच सांगतात."

"सगळाच असा असतो का?" फादरांनी विचारलं. "म्हणजे मध्यभागीसुद्धा?"

"मध्यभागी मी गेले नव्हते, फादर."

फादर विचारात पडले. मग त्यांनी बेलार्मिनोंना बाजूला घेतलं. "नवं कार्ड चालतंय ना? नाही, भजनी मंडळाला घेऊन जावं म्हणतो. चाळीस माणसं. दहा हप्ते देतात का बघता?"

तीन महिन्यांत आंब्यांची गल्ली आळीपाळीने ग्वारापारीला जाऊन आली. वांतुइल बायकोला घेऊन गेला आणि डोक्याची साल काढून आला. टायरवाले गेले, बेकरीवाले गेले, विजारवाले गृहस्थही गेले. संध्याकाळी गल्लीत दुसरा विषय नसे: भरती, ओहोटी, तळलेला मासा. त्या घोळक्यात मान डोलावत उभे राहायचे ते एकटे बेलार्मिनो. "तुम्हाला नाही कळायचं, सेऊ बेलार्मिनो," त्यांच्याच कार्डावर समुद्र बघून आलेले लोक त्यांना समजुतीच्या सुरात सांगत.

पण पॉइंट वाढत होते. एका मंगळवारी ते साठ हजार एकशे दहा झाले. बेलार्मिनोंनी केस विंचरले आणि बँकेला फोन लावला. नशीब असं, की तीच मुलगी निघाली.

"सेऊ बेलार्मिनो! वडिलांनी तेल घेतलं शेवटी. नाही आला गुण."

"मुली, माझे साठ हजार झाले. समुद्राची दोन तिकिटं दे."

"दोन? साठ हजारांत एकच येतं हो. दोघांचे एक लाख वीस हजार. पहिल्या दिवसापासून तसंच आहे. आपण कधी विचारलं नव्हतंत का?"

अकरा वर्षांत त्यांनी खरोखरच कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. दोना एर्मेलिंदा पेरूच्या वड्या पाडत होत्या.

"एकाचंच निघालं," ते म्हणाले.

"मग तू जा. माझा बघून झालाय."

"एकट्याने कसला समुद्र बघायचा? मध्येच काही विचारावंसं वाटलं तर?"

दोना एर्मेलिंदांनी सुरी खाली ठेवली. कपाटातून वही काढली, पट्टी काढली, आणि तांबडी पेन्सिल नवऱ्याच्या हातात न देता स्वतःच्याच हातात धरली. मग सावकाश लिहिलं: बेलार्मिनो किंतांव. समुद्र, दोन माणसं. दहा वेळा.

"वही आता माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

ते गेले. पाच दिवस राहिले. परत आल्यावर बेलार्मिनो आठवडाभर कोणाशी फारसं बोलले नाहीत. विचारलं तर म्हणत, "मोठा आहे," आणि पुन्हा गप्प होत. दहा तारखेला सकाळी ते ओट्यावर टांगलेल्या झोळीत पडले होते, नाकाची सालपटं निघत होती, आणि डोळे मिटून ते मनातल्या मनात काहीतरी ऐकत होते. तेवढ्यात सावली पडली.

"किंतांव," दोना एर्मेलिंदा म्हणाल्या. हातात वही होती, चष्मा नाकावर होता. "समुद्र, पहिला हप्ता."

बेलार्मिनोंनी डोळे उघडले नाहीत. पैसे आत शर्टाच्या खिशात होते, शर्ट खुंटीला होता आणि खुंटी लांब होती.

"उद्या देतो," ते म्हणाले.

समोर जुरेमाची कात्री थांबली. वांतुइलचा सुरा थांबला. वांतुइलचं पोरगं चर्चच्या दिशेने धावत गेलं, आणि दोना एर्मेलिंदांनी पेन्सिल कानामागे खोचेपर्यंत गल्लीच्या टोकाला काहीतरी खरखरलं. बारापैकी सहा हप्ते फिटलेला तो भोंगा होता. फादर ओनोफ्रेंनी आधी घसा साफ केला.

"सेऊ बेलार्मिनो," सबंध आंब्यांच्या गल्लीला ऐकू गेलं, "बँक 'उद्या' ओळखत नाही!"